दृढीकरण : बाप्तिस्म्यानंतरचा अवकाश आणि मराठी ख्रिस्ती लेखन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी येऊन थांबते. बाबा पदमनजी यांचा बेळगाव येथील १८५४ चा बाप्तिस्मा, पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमधील वाँटेज येथील १८८३ चा, नारायण वामन टिळकांचा मुंबईतील १८९५ चा, या घटना वाङ्मयेतिहासात ठळकपणे नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्या आगेमागे जे लिहिले गेले ते या घटनांची पूर्वतयारी किंवा त्यांचा परिणाम म्हणून वाचण्याची सवय आपल्याला जडली आहे. पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच वाचकाला एका उगवतीकडे घेऊन जाते. दिवस पुढे कसा गेला, हा त्या ग्रंथाचा मुख्य विषय नव्हे. सवयीचे कारणही उघड आहे. हे लेखन ज्या समाजाने वाचले त्याच्या लेखी बाप्तिस्मा हाच विच्छेदाचा क्षण होता. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला, पण पंगत राखता आली नाही. नाट्य तेथे होते आणि वाचकाची नजरही तेथेच खिळली.

ख्रिस्ती मंडळीच्या स्वतःच्या व्यवस्थेत मात्र बाप्तिस्मा हे दार आहे. दारातून आत आलेल्याचे पुढे काय होते, त्याच्या वतीने किंवा त्याच्याकडून एकदा उच्चारल्या गेलेल्या वचनाला त्याच्या आयुष्यात वजन कसे येते, या प्रश्नाला चर्चने दिलेले विधिरूप उत्तर म्हणजे दृढीकरण. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की मराठी ख्रिस्ती लेखनातील कसदार भाग या दारानंतरच्या अवकाशात घडतो. आणि तो नीट वाचावयाचा तर दृढीकरण ही संकल्पना धर्मशास्त्राचा तपशील म्हणून बाजूला न सारता वाङ्मयविचाराची संकल्पना म्हणून हाती घेतली पाहिजे.

प्रथम शब्दाविषयी. 'बाप्तिस्मा' हा शब्द मराठीने परका म्हणूनच ठेवला; 'दृढीकरण' मात्र संस्कृतातून घडविला. जबलपूरच्या गोरखपूर भागात वास्तव्य असताना हिंदी वळणाचे 'दृढ़ीकरण' कानावर पडते; एका नुक्त्याचा काय तो फरक. दोन्ही भाषांनी स्वीकारलेला हा शब्द व्याकरणदृष्ट्या निरुपद्रवी नाही. तो 'च्वि' प्रत्ययाचा शब्द आहे, आणि व्याकरणपरंपरेने या प्रत्ययाचा अर्थ 'अभूततद्भाव' असा सांगितला आहे : जे तसे नव्हते ते तसे होणे. शुक्लीकरण म्हणजे जे पांढरे नव्हते ते पांढरे करणे. त्याच न्यायाने दृढीकरण म्हणजे जे दृढ नव्हते ते दृढ करणे. चर्चचा सिद्धान्त असे म्हणत नाही. बाप्तिस्मा हा त्याच्यापुरता खराच असतो. दृढीकरणाने मिळते ती त्या कृपेची परिपूर्ती, असे सिद्धान्त सांगतो. लॅटिन शब्दातील उपसर्गही मूळच्या बळकटीला अधिक बळकटी देण्याचेच सुचवितो. म्हणजे भाषांतरकाराने, कळत वा नकळत, सिद्धान्ताने झाकून ठेवलेली एक शंका शब्दात उघडी केली. भाषांतरित शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक ठरण्याची अशी उदाहरणे तौलनिक अभ्यासकाला नवी नाहीत, पण एका संस्काराच्या नावातच ती सापडावी हे लक्षणीय आहे.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. दृढ कोण कोणाला करतो? कॅथलिक समजुतीनुसार येथे कर्ता परमेश्वर आहे. बिशपच्या हातून, सुगंधी द्रव्य मिसळलेल्या पवित्र तेलाने कपाळावर केलेल्या अभ्यंगातून, आत्म्याची मुद्रा उमेदवारावर उमटते. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थच अभिषिक्त असा असल्याने या अभ्यंगाने उमेदवार त्या नावाचा वाटेकरी होतो. धर्मसुधारणेच्या परंपरेत मात्र कर्ता हळूहळू बदलला. बाल्यात इतरांनी आपल्या वतीने दिलेले वचन आता मी स्वतःच्या तोंडाने देतो, असा तेथे भर पडला. म्हणजे माणूस वचनाला दृढ करतो. आपल्याकडील सामान्य वाचकाला हा शब्द इंग्रजी रूपात ठाऊक आहे तो रेल्वेच्या तिकिटामुळे, आणि गमतीची गोष्ट अशी, की तिकीट 'कन्फर्म' होते तेव्हा प्रवाशाने काहीच केलेले नसते; वरून कोणीतरी त्याला जागा दिलेली असते. जबलपूरसारख्या जंक्शनवर कॅथलिक अर्थ समजावून सांगण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही.

विधीच्या इतिहासात फार खोल जाण्याचे कारण नाही. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाने शोमरोनात बाप्तिस्मा दिलेल्यांवर पेत्र व योहान नंतर येऊन हात ठेवतात, हा या संस्काराचा नेहमी दिला जाणारा आधार. आरंभीच्या शतकांत जलस्नान, अभ्यंग आणि प्रभुभोजन हा एकच सलग विधी होता, आणि पौर्वात्य चर्चमध्ये तो मुख्यतः तसाच राहिला. पश्चिमेकडे अभ्यंगाचा अधिकार बिशपने आपल्याकडे ठेवला, बिशप दूर आणि मुले पुष्कळ अशी स्थिती झाली, आणि एका विधीचे दोन तुकडे पडले. मधल्या अंतराला नंतर अर्थ चिकटविण्यात आला : बाप्तिस्मा जन्मासाठी, दृढीकरण वाढीसाठी व झुंजीसाठी. मध्ययुगात बिशप उमेदवाराच्या गालावर हलकी चापटही मारू लागला. १९७१ च्या सुधारित विधीत ती गळाली. अंतर आधी प्रशासकीय कारणाने पडले आणि त्याचे तत्त्वज्ञान मागून आले, एवढे येथे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

हे अंतर काय करू शकते, ते पाहावयास जबलपूर हे सोयीचे ठिकाण आहे. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होते, आणि त्या वर्षी उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे आले तेव्हा त्याबरोबर मराठी घरांचीही भर पडली. मिशनांच्या नकाशावर मात्र शहर एकजिनसी कधीच नव्हते. कॅथलिकांचा धर्मप्रांत येथे १९५४ मध्ये झाला. अँग्लिकन परंपरेतही दृढीकरण बिशपच्या हातचेच. मेथडिस्टांचे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज येथे, आणि त्यांच्याकडे बाल्यात बाप्तिस्मा झालेला तरुण पाळकासमोर स्वतःची कबुली देऊन पूर्ण सभासद होतो. 'डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट' या मंडळीचा मिशन प्रेस येथेच होता, आणि त्यांची तर भूमिकाच अशी, की जाणत्या वयात, स्वतः बोलून घेतलेला बाप्तिस्मा हाच खरा बाप्तिस्मा. मग दृढ करावयाचे उरतेच काय? एका शहरात, सायकलने फिरता येईल एवढ्या अंतरात, एकाच प्रश्नाला इतकी उत्तरे नांदत होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन आणि डिसायपल्स दोघेही तिच्यात आले, मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र ऐनवेळी बाहेर राहिले. नव्या चर्चने बालबाप्तिस्मा आणि प्रौढ श्रद्धावानाचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग समान मान्य केले. ही तडजोड प्रशासनाला पुरेशी असेल. अर्थाच्या दृष्टीने ती प्रश्न मिटवीत नाही. माणूस स्वतःच्या आवाजात नेमका केव्हा बोलतो, याचे उत्तर ती प्रत्येक कुटुंबावर सोपविते.

गोरखपुरात काही मराठीभाषक रसिकांसमोर हे विवेचन करीत असता एक सहज प्रतिक्रिया आली : म्हणजे ही ख्रिस्ती लोकांची मुंजच की! ही तुलना नवी नाही आणि सर्वस्वी चुकीचीही नाही. वय जवळपास तेच, आईबापांखेरीज आणखी एका वडीलधाऱ्याचा आधार, हाताचा स्पर्श, नवे नाव घेण्याची प्रथा, पुढच्या अध्ययनाची जबाबदारी. तरीही ती फसवी आहे. मुंजीने द्विजत्व येते, म्हणजे दुसरा जन्म मुंजीत आहे. ख्रिस्ती व्यवस्थेत दुसरा जन्म आधीच, बाप्तिस्म्यात, होऊन गेलेला असतो. मुंज जन्माने मिळालेल्या वर्णाला दृढ करते आणि रूढीने ती मुलग्यांपुरती राहिली. दृढीकरण जन्माने न मिळालेल्या गोष्टीला दृढ करू पाहते आणि मुलीलाही तितकेच लागू असते. मुख्य फरक आवाजाचा आहे. मुंजीत मंत्र कानात सांगितला जातो, शिष्य ऐकतो. दृढीकरणात उमेदवाराला सभेपुढे उत्तर द्यावे लागते.

या उत्तराच्या जागेवरून फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पाहिले की त्याचे एक वेगळे रूप दिसते. विल्टशरमधून आलेला हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. साष्टीत त्याने आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे काढली. राचोल येथून १६१६ मध्ये हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. साष्टीची पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. १५६७ च्या सुमारास तेथील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्यांची प्रेते मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होता. अशा भूमीवर बाप्तिस्म्यांची संख्या वाढणे आणि श्रद्धा दृढ होणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत्या, हे त्याच्याइतके क्वचितच कोणास उमगले असेल.

पुराणाची चौकट या दृष्टीने बोलकी आहे. नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या प्रश्नाकडे आजवर बहुधा ग्रंथनिर्मितीचे निमित्त म्हणून पाहिले गेले. तो त्याहून मोठा आहे. विचारणारा बाप्तिस्मा घेतलेला आहे. त्याचे पाणी होऊन गेले आहे. त्याला हवी आहे ती भाषा, ज्या भाषेत तो ही श्रद्धा स्वतःशी, घरात, संध्याकाळी, चारचौघांत उच्चारू शकेल. युरोपातील प्रश्नोत्तरीत गुरू विचारतो आणि शिकणारा पाठ केलेले उत्तर देतो. दृढीकरणापूर्वीच्या परीक्षेचीही तीच रीत. येथे बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य विचारतो आणि उत्तर देण्याची पाळी गुरूवर येते. अकरा हजार ओव्या म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर. संस्काराची दिशाच उलटी फिरली आहे. वैकुंठासारखे शब्द, ओवीची लय, पुराणकथनाची सावकाश चाल हे सारे अनुकूलनाचे तंत्र म्हणून वर्णिले जाते. माझ्या मते या वर्णनात धर्मोपदेशकाच्या चातुर्याला अवाजवी श्रेय मिळते आणि विचारणाऱ्याच्या गरजेला फार थोडे. जित समाजाने जेत्याच्या धर्मातून आपल्या भाषेची मागणी केली आणि एका माणसाला ती ऐकू आली, असेही हे वाचता येईल.

अर्थात याला दुसरी बाजू आहे व ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जुनी पुराणे बंद कोणी केली, हे प्रश्नातच नमूद आहे. ज्या सत्तेने मौन लादले तिच्याच परवानगीने हा नवा आवाज छापला गेला. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला तेव्हा त्या आवाजाला सत्तेच्या लेखी काय किंमत होती तेही दिसले. तेल बिशपच्या हाती राहिले. भाषा जप्त होऊ शकत होती. तरी १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि ते ऐकण्याची परंपरा हुकुमाने संपली नाही. दृढीकरण नेमके कशाने होते, या प्रश्नाचे यापेक्षा ठोस उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथात मला आढळलेले नाही.

गोव्यातून आता बुंदेलखंडात, जबलपूरच्या उत्तरेस येऊ. नीळकंठ गोरे हे चित्पावन घराण्यातील. जन्म १८२५ मध्ये बुंदेलखंडात, वाढ काशीत. मराठी घर, संस्कृत विद्या, हिंदी व्यवहार, अशी त्यांची त्रिविध भाषास्थिती होती. ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला, आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. खंडनकर्ताच अनुयायी झाला, येथे चरित्रकाराची कथा पूर्ण होते. गोऱ्यांची मात्र होत नाही. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८६० च्या 'षड्दर्शनदर्पणा'त त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले. हा ग्रंथ ख्रिस्ती प्रचाराचा म्हणून ओळखला जातो. पण वादीचे म्हणणे प्रतिवादीपेक्षाही अधिक काळजीने मांडणारा हा गृहस्थ आधी स्वतःलाच पटवून देत आहे असे सतत वाटत राहते. खंडन ही त्यांची रीत होती. दोन्ही काठांवर त्यांनी तीच वापरली. इव्हँजेलिकल मिशनकडून ते पुढे अँग्लिकन चर्चमधील कॅथलिक वळणाच्या गटाकडे सरकले, म्हणजेच संस्कारांना, बिशपच्या हाताला, परंपरेच्या अखंडतेला महत्त्व देणाऱ्या बाजूकडे. ज्याला स्वतःच्या बुद्धीच्या कौलावर विसंबता येत नाही त्याने बाहेरून होणाऱ्या दृढीकरणाकडे वळावे, हे मानसशास्त्रीयदृष्ट्याही समजण्याजोगे आहे. १८७० मध्ये त्यांना पूर्ण धर्मगुरुपद मिळाले. नंतर ते सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट संस्थेत नवसाधक म्हणून दाखल झाले. अंतिम व्रते मात्र त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

चरित्रकारांनी याला विनय म्हटले, समीक्षकांनी अस्थिरता. मला त्यात व्याकरण दिसते. 'च्वि'ची क्रिया गोऱ्यांच्या बाबतीत पूर्ण झालीच नाही. जे दृढ नव्हते ते दृढ होत राहिले. आणि नेमक्या या अपूर्ण माणसाचा शब्द दुसऱ्यांना उपयोगी पडला. रमाबाईंच्या निर्णयामागे गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ज्याची शंका संपली नाही तोच शंकिताशी बोलू शकला.

रमाबाईंचे उदाहरण येथे थोडक्यात घेतो, कारण ते त्यांनीच पुरेशा स्पष्टपणे मांडले आहे. आपल्या १९०७ च्या निवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त सापडलेला नाही. आठ वर्षांचा हा हिशेब महत्त्वाचा. त्या अवधीत त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी सिद्धान्तांवरून पत्रवाद घातला, अमेरिका पाहिली, शारदासदन उभे केले. बिशपच्या हाताने जे होते असे भगिनी मानीत होत्या, ते रमाबाईंच्या सांगण्यानुसार कोणाच्याही हाताविना झाले. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात आत्म्याच्या वर्षावाचा जो अनुभव अनाथ मुली व विधवांनी घेतला त्याचे मूल्यमापन मी करणार नाही. पण ज्या मुलींच्या वतीने आजवर दुसरेच बोलत आले होते त्या तेथे मोठ्याने बोलू लागल्या, ही गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

टिळक दांपत्याची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. तेथे बिशप नव्हता आणि म्हणून या अर्थाचा दृढीकरणविधीही नव्हता. तरीही, किंबहुना त्यामुळेच, 'स्मृतिचित्रे' हा माझ्या मते मराठीतील दृढीकरणाचा सर्वांत पूर्ण ग्रंथ आहे. लक्ष्मीबाईंकडे क्रम उलटा आहे. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, पत्नी पाच वर्षे दुराव्याने, रागाने, तुटपुंज्या आधाराने काढते, जातिभेद माणसाने निर्मिलेला आहे अशी उमज तिला एकटीला, विचार करता करता पडते, सोवळे सुटते, आणि १९०० मधील बाप्तिस्मा नंतर येतो. म्हणजे आधी दृढता, मग पाणी. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य अपेक्षित होते, हे तत्त्व म्हणून धीट वाटते. पण पत्नीने ते अठरा-वीस वर्षे आधी स्वयंपाकघरात आचरून दाखविले होते, याची नोंद टिळकांच्या अभ्यासकांनी क्वचितच घेतली आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले आणि त्यातील विनोदाचे कौतुक भरपूर झाले. हा विनोद धर्मांतराच्या कथनातील गांभीर्याला छेद देतो असे म्हणतात; तो त्याहून अधिक काही करतो. ज्याला आपली श्रद्धा सिद्ध करावयाची असते त्याला हसणे परवडत नाही. पदमनजी हसत नाहीत, गोरे हसत नाहीत. लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या लहरीपणावर, मिशनच्या रीतींवर, स्वतःच्या अडाणीपणावर हसता येते, कारण त्यांना कोणाच्या परीक्षेला बसावयाचे नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर अडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा उरलेला, कितीतरी मोठा भाग लिहून काढला. हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. पतीचे अध्याय कोठे संपतात आणि पत्नीचे कोठे सुरू होतात, हे वाचकाला भाषेवरून कळते : संस्कृतप्रचुर वळण मावळते आणि घरगुती मराठी सुरू होते.